भोंग्यावरचा उतारा

त्याला सगळे भोंगा म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेलेली. इंजिनं घरघरतायत, पोरं रडतायत, फेरीवाले बोंबलतायत, आणि त्या गदारोळातून ‘चार नंबरच्या फलाटावरची गाडी दोनवर लागेल’ हे वाक्य प्रवाशाच्या डोक्यात ठोकून बसवायचं, हे त्याचं काम. मग तो निवृत्त झाला. त्याच्या जागी मशीनमधली एक बाई बोलू लागली, जी कधी शिंकत नाही की चहाला उठत नाही, आणि भोंगा आपला गळा घेऊन घरी आला.

घरात फलाट नव्हते, तेव्हा तो मिळेल त्याची घोषणा करी. पेपर आला. पाणी गेलं. समोरच्यांनी निळी चादर वाळत घातली, तीही नीट पिळलेली नाही. ऐकायला माणूस एकच होतं, बायको. आणि बायकोला काम होतं.

ती डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर आपलं म्हणणं रेकॉर्ड करून पाठवत, ती ते कानाला लावून उतरवून काढी. हे काम तिने उतारवयात, जिद्दीने शिकून मिळवलेलं. गेल्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांचा एक रिपोर्ट तिच्या हातून गेला तो असा: ‘रुग्णाच्या उजव्या गुडघ्याला सूज, त्वचा लालसर, माझे पायमोजे कुठे ठेवलेस.’ डॉक्टरांनी तो रुग्णासमोर मोठ्याने वाचला. त्याच दुपारी काम देणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला की पुन्हा असं झालं तर काम बंद.

बायको त्याला एक शब्द बोलली नाही. हीच तर पंचाईत. भांडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती नुसती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, आणि भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडाची लाज वाटली. आणि तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या आणखी तीन घोषणा झाल्याच. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय उगाच?

शेवटी लेकीने फोनवरून फर्मान काढलं. “आईला चांगला हेडफोन घ्या. पूर्ण कान झाकणारा. तासन्‌तास घालायचाय, तेव्हा मऊ हवा. घडी घालून पिशवीत टाकता आला पाहिजे. आणि बेस दणदणीत बघा, त्या विहिरीतून बोलणाऱ्या डॉक्टरांसाठी.”

“आणि माझ्या गाण्यांसाठी,” बायको मागून म्हणाली. तिला काम संपल्यावर ढुमढुम वाजणारी गाणी लागत. भोंगा त्याला भिंत पाडणं म्हणे.

दुकानदार हौशी होता. त्याने काउंटरवर हेडफोन मांडले आणि डेसिबल, ड्रायव्हर असलं काहीबाही सांगायला सुरुवात केली. बायकोने त्याला हातानेच थांबवलं. “ते राहू द्या. मी घालते, हे बोलतील. हे ऐकू आले नाहीत तर मी घेईन.”

“म्हणजे काकांचीच चाचणी की!” दुकानदार हसला. त्याला बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

पहिल्या हेडफोनला भोंग्याने फलाट दोनवरची गाडी सोडली. काउंटरवरचे डबे हलले, फुटपाथवरचा एक माणूस बॅग सावरत आत डोकावला. बायको म्हणाली, “सगळं ऐकू आलं.” दुसरा महागाचा होता, बॅटरीवर बाहेरचा आवाज गिळणारा. त्याने पंख्याची घरघर गिळली, रस्ता गिळला, भोंगा काही त्याच्या घशाखाली उतरेना. दुकानदार हिरमुसला. भोंग्याची मात्र छाती फुगली, आणि खिडकीपाशी उभी राहिलेली बायको आठवताच ती छाती तितकीच खाली बसली. ऐकू आलो तर हिचं काम जातंय. नाही ऐकू आलो तर आपण जातोय. इकडे आड, तिकडे विहीर.

तिसऱ्याने मात्र त्याला चारी मुंड्या चीत केलं. तो ओरडला, खर्जात गेला, टिपेला पोचला. बायको शांतपणे भिंतीवरचं घड्याळ बघत होती. पण तो हेडफोन होता की अडकित्ता? काढला तेव्हा चष्म्याच्या काड्या कानामागे रुतलेल्या, कपाळ आवळलेलं. “डोकं उठलं. आणि ढुमढुम तर नाहीच,” ती म्हणाली. “पण हाच घ्यावा लागेल, दुसरं काय.” हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो भोंग्याला मुळीच आवडला नाही.

“चौथा बघा ना,” तो म्हणाला.

चौथा गादीसारखा मऊ होता, घडी घालून मुठीत मावेल असा. बायकोने तिचं गाणं लावलं. आधी भुवया वर गेल्या, मग डोळे मिटले, मग पाय ताल धरू लागला. गालांवर रंग चढला. लग्नाआधी ही मैत्रिणींबरोबर अशीच दिसायची. तो लांबून बघायचा, जवळ जायची छाती नव्हती. त्या वेळी त्याचा आवाज फुटत नसे, हे आता कोणाला सांगून पटलं नसतं.

“मी घालून बघतो जरा,” असं म्हणून त्याने तो चढवला, गाणं तसंच चालू ठेवून. ढुमढुम पोटापर्यंत पोचत होतं खरं. पण त्याच्या आडून दुकानदाराच्या पेनची टिकटिकही स्वच्छ येत होती. पेन येतं तिथे भोंगा येणारच, वाजतगाजत येणार.

बायकोने हेडफोन परत घेतला. “हं, बोला!” ती ओरडली.

भोंग्याने छाती भरून घेतली, हात वर केला, तोंड उघडलं, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. फलाट एक. फलाट दोन. सामानाची काळजी घ्या. दुकानदार बघतच राहिला. “अहो काका, तुम्ही तर…” तो पुटपुटला, तसा भोंग्याने काउंटरखालून त्याच्या पायावर पाय दिला. मग फलाट चारवरून अख्खी गाडी सोडली, मुक्याने.

“काही म्हणजे काहीच ऐकू नाही आलं,” बायको म्हणाली. “हाच बांधा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हेडफोन घालून कामाला बसली आणि भोंगा मूग गिळून. पेपर आला, तो बोलला नाही. समोर आज दोन चादरी वाळत होत्या. त्याचं पोट फुगलं, पण तोंड बंद. दूध तापत ठेवलेलं, ते वर येताना त्याने बाहेरून पाहिलं, धावला, स्टुलाला अडखळला आणि पोचेपर्यंत दूध शेगडीवर. घाईत पातेलं धरायला गेला आणि बोटं पोळली. कोणीही बोंब मारली असती. त्याने ओठ दाताखाली धरले आणि हात नळाखाली.

वळून बघतो तर दारात बायको. हेडफोन कानांवरच. तिने तो काढला.

“दूध चर्र करून सांडलं, ते मला ऐकू आलं,” ती म्हणाली. “तुम्ही नाही आलात.”

भोंग्याने नळ बंद केला.

“दुकानात नुसतं तोंड हलवत होतात ना?”

“हो.”

“का?”

“तो तिसरा तुझं डोकं आवळत होता,” तो म्हणाला. “आणि हा घातल्यावर तू छान दिसत होतीस. मग म्हटलं, हेडफोनला नाही जमत तर मीच गप्प बसतो.”

“अहो, काय म्हणावं तुम्हाला,” ती म्हणाली. तिने त्याचा हात ओढून घेतला, बोटं पाहिली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तो हेडफोन त्याच्याच कानांवर चढवून गाणं लावलं. ढुमढुम सुरू झालं. त्याची पोळलेली बोटं आपल्या पदरात धरून ती हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली.

“सकाळपासून पाच रिपोर्ट झाले, एक चूक नाही. पण घर खायला उठलं होतं हो तुमच्याशिवाय. काम संपलं की मी येऊन बसेन. तेव्हा सगळं सांगा, चादरीसुद्धा.”

शब्द न्‌ शब्द त्याच्यापर्यंत पोचला. त्याने एका कानावरची गादी बाजूला केली.

“काय म्हणालीस?” त्याने विचारलं. पुन्हा एकदा ऐकायचं होतं त्याला.

“शेगडी पुसा म्हटलं,” ती म्हणाली आणि कामावर गेली.