न मळलेली पाने

नाझींपासून जंगलात लपून वाचलेल्या फ्रेडलबाईंनी तेव्हाचे आपले ज्यू प्रार्थनापुस्तक इस्रायलमधल्या हैफा शहरात माझ्या घरी बांधणीसाठी आणले; इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यापासून मी जुनी पुस्तके बांधतो. सगळी पाने बोटांनी काळवंडली होती. जेवणानंतरच्या प्रार्थनेची मात्र कोरीकरकरीत होती. ती दुसऱ्या प्रतीतून घुसवली असावीत, असा निष्कर्ष काढून ती कापून काढायला मी सुरी उचलली.

"अहो इंजिनिअर, हात आवरा!" त्यांनी पुस्तक ओढून घेतले. "ती मूळचीच आहेत."

"मग मळली कशी नाहीत?"

"ही प्रार्थना पाव खाल्ल्यावरच म्हणतात, एवढंही विसरलात? आम्ही दोन हिवाळे नुसते बटाटे खाल्ले. पाव काय तुमचे वडील आणून देणार होते?"

मी सुरी ठेवली आणि सर्वांत आधी तीच पाने शिवायला घेतली.