पार्बताबाईनं लावलेली कडी

बाटलीतल्या औषधाची पातळी तिरकी होती आणि ती थरथरत होती. खिडकीच्या फटीतून शैला गावंडेला एवढंच दिसत होतं. पातळी तिरकी म्हणजे बाटली जमिनीवर नाही, हातात आहे. थरथरते म्हणजे हात थकला आहे. टोपण मात्र अजून लावलेलं होतं. औषध वांग्यावर फवारायचं. पाच वर्षांच्या पोरीला त्याचा एक घोटही पुरे झाला असता.

शैला फौजदार होती. अशा वेळी दारापलीकडच्या माणसाशी कसं बोलायचं, याचं शिक्षण तिनं घेतलं होतं, म्हणून तिला अमरावतीहून वलगावात बोलावलं होतं. आत दाराला कडी लावून पार्बताबाई बसली होती, मळ्यात भाजी पिकवून बाजारात विकणारी म्हातारी, आणि तिच्या मांडीवर नात खुशी. पार्बताबाईचा मुलगा चंदन अपघातात गेला होता. आता सून साधना अकोल्याच्या माणसाशी पाट लावणार होती, आणि तो खुशीलाही न्यायला तयार होता. पाटानं दुसऱ्या घरी जाणाऱ्या बाईनं पहिल्या घरचं लेकरू तिथंच ठेवायचं, ही जुनी रीत. पार्बताबाईचा सगळा जीव त्या रीतीत अडकला होता.

"मावशी, पोरगी उपाशी असन. बिस्किटं देऊ?"

"गुंगीचं औषध टाकलं असन त्याच्यात."

शैलानं एक बिस्कीट मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं फटीतून आत दिलं.

"पाय वं माय! पोलीस होऊन उष्टं चारते."

"आजी, अजून माग ना," खुशी म्हणाली.

अंगणात जमलेल्या बायांमधली एक हसली आणि लगेच तोंडाला पदर लावून रडू लागली.

"तुमाले पायजे काय, मावशी?"

"साधनाच्या तोंडून आयकाचं हाये. पोरगी नेते का ठेवते? किती दिवसाची पुसून राहिली मी. ती म्हणते, 'पाहू, आई.' आज पोरीचे फ्राक पिशवीत भरले, तरी पाहूच!"

शैला हातपंपाजवळ आली. तिथं साधना बसली होती आणि तिचा दीर कुंदन तिला समजावत होता. "वैनी, ठेवतो म्हून टाक ना. पोरगी बाहेर आली का मंग ने. बुढी काय करन?"

शेजारी उभ्या असलेल्या ठाणेदारांनी होकारार्थी मान हलवली. "मॅडम, जीव वाचला पाहिजे."

ते खोटं नव्हतं. पण शैला लहान असताना तिची आईही पाटानं चांदूर रेल्वेला गेली होती. जाताना "बाजारातून येतो" म्हणाली होती. आईचं जाणं पुढं शैलाला समजलं, पटलंही. तरी कोणी "आलोच" म्हणून उठलं की आजही तिचं लक्ष दाराकडे राही.

"खोटं नाही बोलायचं," ती म्हणाली. "साधना, तुह्यं काय ठरलं?"

"काईच नाई, मॅडम. ठेवतो म्हटलं तं मी मरतो. नेतो म्हटलं तं आई मरते. म्हून पाहू म्हणतो."

"आता ठरव. मी बोलावतो, तवाच दाराशी ये."

ती खिडकीशी परतली. "मावशी, साधना खरं सांगन. ते तुमच्या मनासारखंच असन, असं मी म्हणत नाही. पण पयले बाटली मले द्या अन् कडी काढा. आमी आत येत नाही. पोरगी तुमच्याच मांडीवर राहीन."

"शपथ घे."

"आजीची घेतो. तिनंच वाढवलं मले."

"अन् माय?"

"पाटानं गेली."

 मग पार्बताबाई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अन् तू राहिली आजीजवळ?"

"राहिली, मावशी. आजीनं काई कमी केलं नाही."

शब्दन् शब्द खरा होता. त्यानं म्हातारीच्या मनात आशेचं कोणतं रोप उगवलं, तेही शैलाला आवाजात ऐकू आलं. ते तिला तिथंच खुडता आलं असतं. ती गप्प राहिली.

फटीतून बाटली बाहेर आली. मागोमाग कडी निघाली.

शैलानं बाटली ठाणेदारांकडे दिली, सगळ्यांना मागं सारलं आणि साधनाला हाक मारली. पार्बताबाई भिंतीला टेकून बसली होती. ती खुशीच्या ओठांवरचा बिस्किटाचा चुरा पुसत होती. तिनं शैलाकडे पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं, जणू दोघींचं काही आधीच ठरलं होतं. शैलानं नजर खाली घातली.

साधना उंबऱ्याशी उभी राहिली. 

"बोल," पार्बताबाई म्हणाली. "पाहू म्हनू नको."

"खुशी माह्यासंगं येईन, आई."