दाताखालचा दाणा

कट्. एवढाच तो आवाज. बारीक, कोरडा, स्वच्छ. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन अंगणातल्या ज्वारीवर पसरलेलं असे, ओट्यावर बसलेला एक माणूस राशीतला दाणा उचलून दाढेखाली फोडत असे, आणि मी, त्या घरात नव्यानेच आलेली सून, माजघराच्या दाराआड उभी राहून तो आवाज ऐकत असे. मग सावकाश निर्णय येई, "अजून ओल हाय. चार दिवस ऊन दाखवा." तायडेभाऊंची माझी ओळख आधी कानाने झाली, चेहरा कितीतरी दिवसांनी दिसला.

ते आमचे ग्रामसेवक. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मेहकर तालुक्यात, डोणगावच्या पलीकडे आमचं गाव. तायडेभाऊ मात्र पार वरचे, सातपुड्याच्या पायथ्याचे, जळगाव जामोदकडचे. सहा गावं आणि एक सायकल एवढा त्यांचा संसार. त्या सायकलची घंटा कधीच गेली होती, पण चेनच्या कव्हराचा खडखडाट एवढा, की तायडेभाऊ गावाच्या पांदीला, म्हणजे गाडीवाटेला, लागले की ओट्यावरची कुत्री उठून बसत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. माहेरी मला चौकस म्हणत, सासरी त्याच गुणाला भोचक म्हणू लागले. पण गुण काही गेला नाही. या माणसाबद्दल तर मला फारच कुतूहल होतं. सरकारचा माणूस म्हणजे सांगायला येणारा, एवढं मला ठाऊक होतं. हा माणूस मात्र विचारायला येई. वावरात उकिडवा बसून मातीचं ढेकूळ चिमटीत भुरभुरवी, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राही, आणि खिशातल्या वहीत काहीबाही टिपून घेई. ते काय टिपतात, हे वाचायची मला अनावर इच्छा होई.

एक गोष्ट मात्र मी फार लवकर टिपली. तायडेभाऊंचा मान ओट्यापर्यंत होता. नव्याने बौद्ध झालेल्या घरातले ते. गाव त्यांना सतरंजी टाकी, पाणीही देई, पण वेगळ्या गडव्यातून, आणि उंबऱ्याच्या आत कोणी बोलावत नसे. का, ते कोणी बोलत नसे आणि कोणाला ठाऊक नाही असंही नव्हतं. मला त्याची लाज वाटे. पण नव्या सुनेच्या लाजेला घरात काय किंमत! तायडेभाऊ सतरंजीच्या कडेला बसत आणि अंगणाकडे तोंड करून बोलत.

आमच्या घरात दुसरं एक माणूस होतं, ज्याच्या दाताखाली दाणा असाच बोलत असे. माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणे. कापणीच्या आधी चार दिवस त्या एकट्या उभ्या पिकात शिरत. कमरेला ओटी खोचलेली, हातात विळा. ज्वारी त्यांच्या डोक्यावरून जाई, नुसता पानांचा सळसळाट फिरताना दिसे. कोणत्या कणसासमोर त्या थांबतील याचा अंदाज मला कधी आला नाही. सगळ्यात मोठं कणीस त्या सोडून देत आणि मधल्याच एखाद्यावर हात ठेवत. निवडलेल्या कणसांच्या जुड्या माजघरात आढ्याला टांगल्या जात. चुलीचा धूर वर चढे, कीड लागत नसे, आणि मृगापर्यंत ते बी आमच्या डोक्यावर झुलत राही. पेरणीच्या तोंडाला बारा घरच्या बाया पदराखाली टोपलं घेऊन येत. आत्याबाईंचं नाव जिजाबाई, आणि जिजाबाईचं बी, हा आमच्या गावात एक शब्दच होता. पुरुष नांगरत, पेरत, मोजत, भांडत. पण पुढच्या वर्षी कोणता दाणा मातीत जायचा ते बाया ठरवत. यात कोणाला विशेष वाटत नसे, म्हणून ते कोणी बोलूनही दाखवत नसे.

पुढच्या मृगाच्या तोंडाला तायडेभाऊंनी संकरित ज्वारी आणली. गाव तिला हायब्रेट म्हणे. चावडीत बैठक झाली, मामाजी, म्हणजे माझे सासरे, जाऊन आले आणि चार एकरांतल्या एका एकराचं बी घेऊन आले. पुडकं उघडलं तर आत गुलाबी दाणे. औषध चोळलेलं बी, तोंडात घालायचं नाही, हात धुवायचे, एवढं मामाजींनी बजावलं. आत्याबाई त्या दाण्यांकडे परक्या गावच्या पाहुण्याकडे पाहावं तशा पाहत राहिल्या.

"जे तोंडात घालता येत नाई, त्याची ओयख कशी पटाची व?" त्या मला म्हणाल्या. आजही तो प्रश्न मला मोठा वाटतो.

पीक मात्र असं आलं की बघत राहावं. बुटकं, एकसारखं, जणू कोणी वरून दोरी धरून कापलेलं. आणि कणसं घट्ट भरलेली. रस्त्याने जाणारे बैलगाड्या थांबवत. आत्याबाईंचा राग ओसरला, आणि सवयीने त्या विळा घेऊन त्याच एकरात शिरल्या. त्या वर्षी आढ्याला गावरानाची एकच जुडी होती, बाकी सारी हायब्रेटची. बारा घरांना कळवून झालं होतं, यंदा जिजाबाईकडे नवं बी आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सायकल खडखडत आली. आत्याबाई हात पुसत ओट्यावर गेल्या. चेहरा आनंदाने फुललेला. "ओट्यावर काय बसून राह्यले, भाऊ? या ना आत. पाहा तं खरं माह्या हातचं बी!"

अभिमानाच्या भरात त्या काय बोलून गेल्या, ते त्यांना कळलंच नाही. तायडेभाऊंना कळलं. ते क्षणभर थांबले, चपला काढल्या, आणि उंबरा ओलांडून आत आले. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. सावळा, कानशिलाशी थोडा पिकलेला. त्यांनी मान वर केली. आढ्याला जुड्याच जुड्या. आणि तो चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

"माय, हे बियासाठी ठेवलं का?"

"मंग काय शोभेले?"

"हे पेरू नका, माय. हे दोन जातींच्या मेळाचं पीक हाय, एकाच सालाचं. याची लेकरं सारखी निपजत नाई. दरसाल नवं बी घ्या लागते."

मामाजीही तोवर दाराशी येऊन उभे राहिले होते. मग आत्याबाईंचा आवाज चढला. "चाळीस साल झाले मी बी काढून राह्यली. कोनाचं वावर वांझ नाई राह्यलं. आन तू मले सांगून राह्यला?"

"मी चावडीत सांगतलं होतं," तायडेभाऊ मामाजींकडे पाहत म्हणाले.

मामाजींनी मान खाजवली. "सांगतलं होतं बा त्यानं. पन बियाचं मले काय कराचं? ते तं हिचं काम."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चावडीतल्या साऱ्या पुरुषांनी माना डोलावल्या होत्या, आणि एकानेही ते घरी सांगितलं नव्हतं. बियाचं बोलणं बाप्यांचं नव्हे, म्हणून. बारा घरांची वर्षाची भाकरी त्या आढ्याला टांगली होती. तिच्यासोबत आत्याबाईंचं नाव टांगलेलं होतं, आणि या माणसाचा शब्दही. ते बी बिघडलं असतं तर त्या सहा गावांत पुन्हा कोणी त्याचं ऐकलं नसतं.

दुसरा कोणी असता तर मामाजींवर खापर फोडून मोकळा झाला असता. तायडेभाऊ आत्याबाईंकडे वळले. "चूक माही हाय, माय," ते म्हणाले. "बी बाया राखतात, हे मी माह्या मायच्या घरी पाह्यलं. तरी सांगाले गेलो तं बाप्यांले. माह्यावर भरोसा ठेवू नका. न्हाणीमागं तीन ओयी लावा. एक या कनसाची, एक नव्या पुडक्याची, एक तुमच्या गावरानाची. मिरगाच्या आधी पीकच सांगन."

आत्याबाई पाठ फिरवून चुलीकडे वळल्या. पण महाशिवरात्र झाली तशी त्यांनी स्वतः न्हाणीमागचा वाफा उकरला.

तो उन्हाळा माझ्या आठवणीत त्या वाफ्याच्या हिरव्या रंगाचा आहे. आमच्या आंघोळीचं पाणी एका चरीतून तीन ओळींना जाई. विहिरीचा तळ दिसू लागला तशी मी अंगावर दोन तांबे कमी घेऊ लागले. तायडेभाऊ आठवड्याला येत, घराला वळसा घालून परसदारी जात, वाफ्याशी उकिडवे बसत, वहीत टिपून निघून जात. उंबऱ्याचं आमंत्रण त्या दिवसापुरतंच होतं, असं ते धरून चालले होते. ते गेले की आत्याबाई जात आणि त्याच जागी बसत. दोघं एकाच पानाकडे पाहत, पण वेगवेगळ्या वेळी. मला त्या दोन पाठींचं फार नवल वाटे. चैत्रात बायांचे निरोप येऊ लागले, बी कधी देता? "थांबा थोडं, अजून पाहून राह्यली," एवढंच उत्तर जाई. चाळीस वर्षांत त्या असं पहिल्यांदाच म्हणत होत्या.

वैशाख सरता सरता ओळी निसवल्या, कणसं बाहेर पडू लागली. नव्या पुडक्याची ओळ एका उंचीची, शिस्तीत उभी. गावरान आपली उंच, थोडी वाकलेली, सावकाश. आणि मधली, आत्याबाईंच्या हातच्या कणसांची! एका रोपाचं ताट छातीला लागणारं, शेजारचं गुडघ्याएवढं. एकाला कणीस भरत आलेलं, दुसऱ्याला अजून कणसाची पोटरीही फुगलेली नाही. दोन-चार नुसतीच पानं घेऊन उभी. एका घरची लेकरं असावीत आणि एकाचंही तोंड दुसऱ्याशी जुळू नये, तसं. आत्याबाई प्रत्येक ताटाला हात लावत ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या. परतल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. ते हरल्याचं होतं की वाचल्याचं, हे विचारायचा माझ्यासारख्या भोचक बाईलाही धीर झाला नाही.

मग त्यांनी शिडी मागवली. एकेक जुडी स्वतः उतरवली, कणसं झोडली, जात्यावर बसल्या. मोठ्या सुपात भाकरी घेऊन बाराही घरी त्या स्वतः गेल्या आणि प्रत्येक चुलीपाशी तेच बोलल्या. "हे बी खाचं हाय, पेराचं नाई. पेराले नवं पुडकं आना. माहं चुकलं होतं." ज्या नावासाठी त्या इतक्या जपत होत्या, ते नाव त्यांनी बारा उंबऱ्यांवर स्वतः खाली ठेवलं. नवल असं, की त्यानंतर गाव त्यांचा शब्द आणखीच मानू लागलं.

पुढच्या खेपेला तायडेभाऊ परसाकडे वळले, तोच आत्याबाईंनी दारातून हाक मारली. "भाऊ, तिकून काऊन? इकून या, आतून." त्यांना चुलीजवळ पाट दिला, घरच्या कपात चहा दिला. शेजारची एक बाई दारातून पाहत होती. तिलाही आत्याबाईंनी बसवून घेतलं. पहिल्यांदा त्या रूढी विसरल्या होत्या. दुसऱ्यांदा विसरल्या नव्हत्या.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "सरकारची गाडी एखाद्या साली बी घेऊन नाई आली, तं?"

तायडेभाऊंनी कप खाली ठेवला. वही काढली आणि लिहून घेतलं. मग म्हणाले, "गावरानाचा एक पट्टा दरसाल ठेवत जा, माय. बैलाले कडबाही होईन." तेव्हापासून त्यांची बैठक चावडीत होई आणि दुसऱ्या दिवशी तीच बैठक आमच्या माजघरात, बायांची. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. ती वही एकदा माझ्या हाती आली. आत माहितीच्या ओळी कमी आणि प्रश्नच फार होते. गावातल्या बायांचे, त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. निघताना आत्याबाईंनी चिंधीत बांधून ओंजळभर गावरान दिलं. त्यांनी एक दाणा काढून दाढेखाली धरला. कट्. "वाळलं हाय," ते म्हणाले, आणि दोघंही हसले. सायकलचा खडखडाट पांदीच्या वळणापर्यंत ऐकू आला. पुन्हा कधी तो आमच्या गावाकडे आला नाही.

आत्याबाई जाऊनही आता खूप वर्षं झाली. गावरानाचा पट्टा मी सोडला नाही; हट्टाने एक जुडी अजून टांगते. मोटारसायकलवरून नवे साहेब येतात, छापील कागद घेऊन ओट्यावर बसतात आणि घरात पुरुष माणूस कोण आहे म्हणून विचारतात. मी म्हणते, आधी आत या. वर पाहा. मग सांगा. काही वर पाहतात, काहींना घाई असते. आढ्याच्या लाकडावर जिथे जुड्या टांगल्या जात, तिथे दोरीने घासून एक गुळगुळीत खाच पडली आहे. मी तिच्याखाली उभी राहून पेरणीआधी दाणा दाताखाली धरते, आणि फोडण्याआधी जरा थांबते. तेवढ्या थांबण्यात आत्याबाई आणि तायडेभाऊ उंबरा ओलांडून आत येतात, मान वर करून पाहतात, आणि आवाज झाला की निघून जातात.