नव्व्याण्णवच्या पुढे

"साध्या सीडीत पंधरा-वीस गाणी मावतात. ही एमपीथ्री. चेपून भरलेली बॅगच समज," असं म्हणत यांनी स्वतः भरलेली सीडी बाहेरच्या खोलीतल्या प्लेअरमध्ये सरकवली. गाणी सगळी त्यांच्या आवडीची, दणदणाटी.

"आणि माझं एकही नाही?"

"अगं, धीर धर. तुझी शेवटी आहेत."

एका रविवारी मी नेटाने शेवटपर्यंत ऐकली. काचेवर ९९ आलं, गाणं संपलं, आणि पुन्हा १.

"थापाडे," मी म्हटलं.

"भरली होती गं," ते गोंधळून म्हणाले.

तेव्हापासून घरात तो टोमणाच झाला. दूध आणायचं विसरले तरी मी म्हणायचे, "शेवटी आणणार वाटतं." आधी ते हसायचे. पुढे नुसतं ऐकून घ्यायचे.

त्यांना जाऊन अकरा महिने झाले. गेल्या आठवड्यात गाणी अडखळू लागली, म्हणून प्लेअर दुरुस्तीला नेला. दोष सीडीत आहे की यंत्रात, हे बघायला दुकानदाराने ती स्वतःच्या प्लेअरमध्ये घातली.

"काकू, सीडी ठणठणीत आहे. एकशे चौतीस गाणी."

"नव्व्याण्णव," मी दुरुस्ती केली.

"ती तुमच्या मशीनला. तिला दोनच आकडी मोजता येतं. आमच्या धाकट्यासारखी, शंभर आले की पुन्हा एकपासून!"

तीस वर्षं मी प्रयोगशाळेत पाणी तपासलं. उपकरण कुठपर्यंत मोजतं ते आधी बघा, मग नमुन्याला नावं ठेवा, हे प्रत्येक नव्या मुलीला मीच बजावत आले.

"शंभरावं लावता?"

पहिल्या सुरालाच ओळखलं. वसतिगृहात असताना मी ते गुणगुणायचे. यांना एकदाच, बोलता बोलता सांगितलं होतं.

"पुढचं लावू, काकू?"

"नको. इथे नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळून स्वतःचा प्लेअर पिशवीत घातला. "तुमचा होईपर्यंत हा वापरा."

घरी येऊन शंभरावं पुन्हा लावलं.

"अहो, आली हो माझी," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं.

गाणं संपलं. एकशे एकावं सुरू होण्याआधी दोन सेकंद काहीच वाजत नाही.