बाबांचा गरम हात

लहानपणी आमच्या घरात खोटं बोलायची सोय नव्हती. कपबशी फुटली, दूध मोरीत ओतलं गेलं, की बाबा शांतपणे म्हणायचे, "हात पुढे कर." माझं मनगट तीन बोटांत धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "तोंड लबाड असतं, नाडी नसते." तोवर मी भोकाड पसरलेलं असायचं, त्यामुळे निकाल चुकायचा प्रश्नच नव्हता.

त्यांचा हात कायम गरम असायचा, भर थंडीतसुद्धा. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, डॉक्टर, औषध राहू द्या, नुसता हात ठेवा. पुढे मीही डॉक्टर झाले तेव्हा त्यांना विचारलं, नाडीवरून खोटं कळतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, काही कळत नाही! साधा माणूस घाबरला तर त्याची नाडी पळते आणि निर्ढावलेल्या चोराची ढिम्म हलत नाही. पण हे तुला सांगितलं असतं, तर तू कधी दूध प्यायली असतीस का?"

असा माणूस राजकारणात गेला. आई तेव्हाच म्हणाली होती, "इथे लोक तुमच्यासाठी ताटकळतात, तिथे तुम्ही लोकांसाठी ताटकळाल." पण त्यांच्या हाताला गुण होता हे शहरभर माहीत होतं, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पहिल्या जाहीर भाषणाआधी मात्र त्यांची पाचावर धारण बसली. स्टेजच्या मागे त्यांनी माझ्यासमोर एक छोटी गोळी गिळली. छातीतली धडधड थांबवणारी ही गोळी आम्ही परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांना कधीकधी देतो. "घाम फुटायचा तो फुटतोच, हातही गार पडतात," डोळा मारून म्हणाले, "पण छाती गप्प बसते." मग ते निवडून आले, पुन्हा निवडून आले, आरोग्यमंत्री झाले. गोळीची गरज संपली असावी असं मी धरून चालले.

आणि मग ती बातमी आली. सरकारी इस्पितळांना डायलिसिसची यंत्रं पुरवणाऱ्या ठेकेदाराने जबानी दिली, की यंत्रं पास करून घ्यायला मंत्र्यांना घरी पैसे पोचवले. ती यंत्रं कशी होती ते मला माहीत होतं. माझी एक पेशंट, ब्लाउज शिवणारी बाई, त्यातल्याच एका यंत्रावर झोपली आणि परत उठली नाही.

बाबांनी राजीनामा दिला. "सगळं कुभांड आहे," एवढंच म्हणाले. माझ्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ होती. ज्याने त्याने तोंडसुख घेतलं आणि मीही कुणाला सोडलं नाही, माझी जीभ तिखट आहे. आगीशिवाय धूर निघत नाही म्हणाली, म्हणून सख्ख्या मावशीशी बोलणं टाकलं. आता पत्रकार परिषद ठरली होती. मी त्यांच्या शेजारी बसून सांगणार होते, की माझे वडील निर्दोष आहेत.

आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या दवाखान्यात आले. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आले होते, बोलताना धाप लागत होती. पेशंट कुणी नव्हते. ते माझ्या बाजूच्या खुर्चीत न बसता पेशंटच्या स्टुलावर बसले.

"उद्या येशील ना?"

"म्हणजे काय! विचारायचं काय त्यात?"

"त्याआधी तू मला एकदा विचार." शर्टाची बाही वर करून त्यांनी हात टेबलावर ठेवला. "धर."

"बाबा, त्यात काही कळत नाही. तुम्हीच सांगितलंत."

"तरी धर."

मी धरला. "घेतलेत पैसे?"

"नाही."

नाडी जागची हलली नाही. संथ, एकसारखी चालली होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांच्या गळ्यातच पडणार होते. पण बोटांना सवय वाईट, ती मोजत राहिली. तीन जिने चढून आलेला, धापा टाकणारा म्हातारा माणूस, वरच्या ओठावर घाम, आणि नाडी गाढ झोपलेल्या माणसाची. हात गार पडलेला. बाबांचा हात.

"प्रेशरची गोळी बदललीत का?"

"नाही गं. तू दिलेलीच चालू आहे."

मी दिलेल्या गोळीने नाडी मंदावत नाही.

नाडीवरून खोटं कळत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती स्टेजमागची गोळी घेऊन, असा बंदोबस्त करून कशाला आले? मला त्या ब्लाउज शिवणाऱ्या बाई आठवल्या. पण खरं सांगते, त्या क्षणी पैशांपेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. मला फसवायची तयारी करून ते आमच्या खेळात आले होते.

ओरडायला हवं होतं. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जशी मी मोरीपाशी उभी राहून बघायची.

"बसला विश्वास?" त्यांनी विचारलं.

"बसला, बाबा."

त्यांचा हात उलटा फिरला. जुन्या सवयीने तीन बोटं माझ्या मनगटावर आली आणि त्यांनी डोळे मिटले. मला हात काढून घेता आला असता. मी कुठलीही गोळी घेतली नव्हती.

त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजलं. मग हात सोडला, बाही खाली केली. बटण काजात जाईना, शेवटी तसंच ठेवलं.

"उद्या तू येऊ नकोस," ते म्हणाले. "पेशंट असतील तुझे."

"असतील."

ते गेले. जिन्यावर थांबत थांबत उतरताना त्यांची पावलं ऐकू येत होती. हात धरायला मी गेले नाही.