एकदाच ऐकवणारा सीडी प्लेअर

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. रंग उडालाय, पण आवाज अजून खणखणीत! माझे मालक रेडिओ दुरुस्त करतात. एका गिऱ्हाइकानं मला त्यांच्या दुकानात आणून टाकलं आणि परत तोंडही दाखवलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी फळीवर धूळ खात पडलो होतो.

एके दिवशी मालकांच्या लेकीनं मला घरी नेलं. ती परिचारिका. जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिची नेमणूक ठरली होती, पण दीड महिन्यात जर्मन भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. नाहीतर जागा दुसरीला! परीक्षा दोन होत्या, त्यातली कुठलीही एक चालणार होती. एकीची तारीख मुदतीनंतरची, म्हणून तिनं घाईघाईनं दुसरीचा अर्ज भरला. सरावाची सीडी मात्र मैत्रिणीकडून आणली, आणि ती नेमकी पहिल्या परीक्षेची होती.

कामावरून आली की बूटही न काढता ती मला सुरू करी. संभाषण संपलं की माझं मागे नेण्याचं बटण दाबून पुन्हा ऐके. दुसऱ्यांदा ऐकलं की उत्तरं पटापट बरोबर! मीही फुशारून जाई.

परीक्षेला नऊ दिवस उरले आणि तिनं प्रवेशपत्रावरचे नियम वाचले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, मेले मी! सीडीवरच्या परीक्षेत दोनदा ऐकवतात, माझ्या परीक्षेत एकदाच!"

"अगं, आधी वाचायचं ना!" बाबा ओरडले. मग स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मला पालथं घातलं. "आता पुन्हा ऐकायची सोयच नको."

आणि माझं ते बटण उपटून काढलं! असा संताप आला म्हणून सांगू!

त्या दिवशी दहापैकी तीनच उत्तरं बरोबर आली. पास व्हायला सहा हवीत. दुसऱ्या दिवशी चार. तिनं वही भिरकावली.

"नाही होणार माझ्याच्यानं."

"वॉर्डात पेशंट कण्हला, तर 'परत एकदा कण्हा' म्हणतेस का?" बाबा म्हणाले.

रडता रडता ती फिसकन हसली. मग कान टवकारून बसली. मीही जीव तोडून, एकेक शब्द सुटा सुटा वाजवला. पाच आली. पुन्हा पाच. शेवटच्या संध्याकाळी कशीबशी सहा.

परीक्षा झाली, पण निकाल लागेपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. अखेर निकाल आला. काठावर का होईना, पास!

"छान झालं हो," बाबा म्हणाले आणि पाठ फिरवून पक्कड शोधू लागले. पक्कड त्यांच्या हातातच होती.

ती उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, मी रोज फोन करीन." तेव्हा कुठं त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवत जा, एवढंच माझं मागणं. आणि तुमचे बाबा कधी "छान झालं" म्हणाले, तर जरा त्यांच्या तोंडाकडेही बघा.