दहावा टोल

मी एक जुना दोर आहे. चर्चच्या मनोऱ्यात लोंबकळणारा, घंटेचा दोर. दोराला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. मला तोंड नाही, पण कोणाचा हात थरथरतोय हे मला बरोबर कळतं.

माझा जन्म एका लांबलचक छपरीत झाला. तिथे कामगार उलटे चालत चालत तागाला पीळ घालत. माझी भावंडं जहाजांवर गेली, त्यांनी समुद्र पाहिला. माझ्या वाट्याला काय आलं? एक अरुंद, अंधारा मनोरा आणि घड्याळजींचं टक्कल! फार राग आला होता तेव्हा.

घड्याळजी म्हणजे आमचे घंटा वाजवणारे. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. मोजण्यात माणूस एकदम पक्का. रविवारी उपासनेला बारा टोल म्हणजे बाराच. कोणी वारलं की वयाइतके टोल द्यायची आमची रीत होती. लोक आपापल्या घरात बोटांवर मोजत आणि कोण गेलं ते ओळखत. सत्त्याऐंशी वर्षांच्या एका आजींचे सत्त्याऐंशी टोल घड्याळजींनी न चुकता दिले होते.

त्यांच्याबरोबर त्यांची लेक येई. लाडाने ते तिला किल्ली म्हणत. ते मला वर धरत आणि ती अगदी खालच्या टोकाला. तिचे तळहात सोलू नयेत म्हणून आईने तिथे हातभर लाल लोकर गुंडाळून दिली होती. घंटा झुलली की मी वर जाई आणि पोरगी माझ्याबरोबर वीतभर उचलली जाई.

"बाबा, उडाले!" ती ओरडे. माझा राग पार पळाला. कोणाला हवाय समुद्र?

मग किल्ली तापाने आजारी पडली. अकरा दिवस घड्याळजी दुकान उघडण्याआधी इथे येत, घंटा न वाजवता मला नुसतं घट्ट धरत. "प्रभू, मला ने, तिला ठेव." ते शब्द माझ्या पिळांत अजून आहेत. बाराव्या दिवशी सकाळी किल्ली गेली. नऊ वर्षांची होती हो!

"आज दुसरं कोणी वाजवेल," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही घरी बसा."

"माझ्या लेकीचे टोल दुसरा मोजणार? नाही. मीच वाजवणार."

नऊ टोल झाले. आणि मग दहावा झाला.

गल्लीभर कुजबुज सुरू झाली. घड्याळजी चुकले! स्वतःच्या पोरीचं वय चुकले! त्यांनी पाळकसाहेबांना सरळ सांगितलं, "ज्याने माझं ऐकलं नाही, त्याला मी आता हाक मारणार नाही. आणि मला तर धड नऊसुद्धा मोजता येत नाहीत. दुसरा माणूस बघा."

"बघतो. तो मिळेपर्यंत तेवढे या."

पाळकसाहेबांनी दुसरा माणूस शोधलाच नाही. भलते बेरकी!

घड्याळजी चौदा वर्षं येत राहिले. खाली प्रार्थना चाले तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असत. बारावा टोल दिला की मात्र ते मान वर करून उभे राहत, आणखी एक वाजतोय का ते ऐकत.

आजवर पोटात ठेवलेली एक गोष्ट आता सांगतो. त्या दिवशी नववा टोल दिल्यावर घड्याळजींनी मला सोडून दिलं होतं. त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते. दुःखात त्यांना ते आठवत नाही. जाणकार म्हणतील, जड घंटा आपल्या झोक्याने एखादा टोल देते. म्हणू देत. पण घंटेचा झोका मला आधी वर ओढतो. त्या वेळी मी आधी खाली ओढला गेलो, लोकरीपाशी. मी घाबरलो. अजूनही घाबरतो.

परवा किल्लीची आई, लेक गेल्यानंतर पहिल्यांदाच, इथे आली. लोकरीला कसर लागल्याचं तिने ऐकलं होतं. नवी लाल लोकर गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "तो दहावा टोल मी घरात ऐकला होता."

"अगं, ती माझी चूक," घड्याळजी म्हणाले.

"असेल. नवव्याला मी ठरवलं होतं, आता देवाचं नाव घ्यायचं नाही. तेवढ्यात दहावा वाजला. वाटलं, माझी पोर नवावर संपली नाही. प्रभूपाशी तिला दहावं वर्ष लागलं. तेवढ्याच आधारावर मी आजवर प्रार्थना केली. तुमच्या वाटचीही केली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कोणाला बोलू दिलंत?"

घड्याळजी पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, "प्रभू, मी अजून इथेच आहे."

मित्रांनो, आता माझे पीळ सुटतायत. मला खुशाल बदला, पण लोकरीचा हातभर तुकडा तेवढा नव्या दोराला जोडा. आणि प्रार्थनेत मन लागत नसलं, राग आला असला, तरी येत राहा. रुसून का होईना, या.

काल रविवार होता. बारावा टोल देऊन घड्याळजींनी मला सोडलं आणि हात जोडले. ओठ हलत होते. खाली लोकरीपाशी मात्र मी अजून ताणलेलाच होतो, कोणी धरून ठेवल्यासारखा.